उलटं छापलेलं विमान

आमच्या मामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. वरच्या मजल्यावर नऊ वर्षं राहणाऱ्या मास्तरांना तो जिन्यात थांबवून विचारतो, "कोणाकडे जायचंय आपल्याला?" पण एखाद्या धुरकट जुन्या फोटोत ढगाला चिकटलेलं, माशीएवढं लढाऊ विमान दाखवा. तो भिंग काढणार, नाक फोटोला टेकवणार आणि पाच मिनिटांनी सांगणार, "हे सुरुवातीच्या तुकडीतलं. शेपटीची पट्टी बघ. पुढे ती काढून टाकली."

मामा इस्पितळात एक्स-रे काढतो. बत्तीस वर्षं त्याच काळोख्या खोलीत. तिथली बोली घरीही सुटत नाही. मामी भाजीवाल्याशी तावातावाने भांडत असली की तो आतून म्हणतो, "श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा." मामी म्हणते, "धरलाय, लग्न झाल्यापासून धरलाय."

विमानांचा नाद त्याला कुठून लागला ते कोणालाच ठाऊक नाही. देशोदेशीच्या विमानवेड्यांचं एक मासिक निघतं. त्यात मागच्या पानावर ओळख न पटलेले फोटो असतात आणि मामासारखे लोक पत्रं लिहून त्यांची उत्तरं देतात. मामाची एकशेचौदा उत्तरं छापून आलीत, एकही चुकलेलं नाही. त्याची पद्धत ठरलेली. इस्पितळाने टाकून दिलेला, मागून उजेड देणारा एक लाइट बॉक्स त्याने घरी आणलाय, त्यावर फोटो ठेवायचा. आधी डावं-उजवं तपासायचं, कारण एक्स-रेवाल्याला पहिला धडा तोच मिळतो. मग फोटोतल्या माणसांवर काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवायच्या. हसणारे वैमानिक, हात हलवणाऱ्या बायका, सगळे पट्टीखाली.

"माणसं मधे आली की नजर तिकडेच जाते," मामा म्हणायचा. "विमान राहून जातं."

"तुमचं उलटं होतं," मामी म्हणायची. "विमान मधे येतं आणि बायको राहून जाते."

मार्चमध्ये संग्रहालयवाल्या बाई आल्या. नगरपालिकेचं तीन खोल्यांचं संग्रहालय त्या एकट्या सांभाळतात. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर पडतं.

"म्हणजे बघा ना, पुलाच्या घटनेला पन्नास वर्षं होतायत. म्हणजे बघा ना, स्मारकाचा दगड बसवायचाय. आणि म्हणजे बघा ना, विमानाचं नाव हवंय."

पुलाची गोष्ट आमच्याकडे दुसरीच्या पुस्तकात आहे. लढाईच्या दिवसांत एका सकाळी शत्रूचं विमान आलं, जुन्या पुलावर बॉम्ब टाकून गेलं आणि एकतीस माणसं मेली. फोटोही सगळ्यांना पाठ आहे, नगरपालिकेच्या जिन्यात लावलाय. फक्त आकाश, खालून दिसणारं एक विमान, धूर आणि तारेचा एक तुकडा. आपल्या एका स्टुडिओवाल्याने काढलेला.

बाईंनी दगडावरच्या मजकुराचा कागद पुढे केला. मामाने तो मला वाचायला दिला, कारण त्याचं भिंग आधीच फोटोवर होतं. मी वाचला: "या दिवशी शत्रूच्या" (इथे मोकळी जागा) "विमानाने पुलावर बॉम्ब टाकून एकतीस नागरिकांचा बळी घेतला. छपरावर पांढऱ्या चादरी पसरून विमानाला खूण करणारा देशद्रोही..." आणि पुढे एका माणसाचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट.

ते नाव वाचताना माझा आवाज खाली आला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशीचे वडील ते. इस्पितळाच्या चादरी धुऊन छपरावर वाळत घालायचे, तोच त्यांचा धंदा होता. पुलावर बॉम्ब पडला त्या संध्याकाळी त्यांना घेऊन गेले आणि ते परत आले नाहीत. मावशी तेव्हा अकरा वर्षांची होती. आज एकसष्टची आहे, त्याच दुकानात कपड्यांना इस्त्री करते. लोक कपडे टाकतात, पैसे ठेवतात, जातात. कोणी चारचौघांत तिच्याशी बोलत नाही. आतापर्यंत ही कुजबुज होती. आता ती दगडावर जाणार होती.

"हे कोरायलाच हवं का?" मामीने विचारलं.

"म्हणजे बघा ना, मजकूर वरून आलाय," बाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

मामाचं या कशाकडेही लक्ष नव्हतं. "याची निगेटिव्ह आहे का?" तो म्हणाला.

निगेटिव्ह काचेची होती. बाईंनी दुसऱ्या दिवशी ती कापसात गुंडाळून आणली. मामाने हात धुतले, पुसले, काच लाइट बॉक्सवर ठेवली. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी फोटोच्या लेपाने खरखरीत. खरखरीत बाजू पलीकडे ठेवून बघितलं तर चित्र खरं, म्हणजे डावं डावीकडे. मामाने बघितलं. काच उलटी केली, परत बघितलं. जिन्यातल्या फोटोची प्रत शेजारी ठेवली.

"श्वास धरा," तो पुटपुटला. घरात कोणी काही बोलत नव्हतं, तरीही.

मग त्याने मला जवळ बोलावलं. शत्रूच्या त्या जातीच्या विमानाला विमानवेडे 'कासव' म्हणतात. कासवाच्या पोटाखाली, उजव्या बाजूला, तोफेसाठी पत्र्याचा एक फुगा असतो. जिन्यातल्या फोटोत फुगा उजवीकडे आहे, म्हणून पन्नास वर्षं कोणालाच शंका आली नाही. पण काचेवर फुगा डावीकडे होता. फोटो उलट्या काचेवरून छापलेला होता.

"आणि डाव्या फुग्याची कासवं जगात सातच झाली," मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लढाईच्या आधी परवाना घेऊन आपल्याच कारखान्याने बांधली. उजवीकडे तेलाच्या नळ्या आल्या, म्हणून फुगा डावीकडे बसवला. सातच! आणि उडतानाचा एकही फोटो आजवर कोणाकडे नव्हता. हा पहिला!"

त्याच दुपारी त्याने मासिकाला पत्र लिहिलं. काचेवरून सरळ काढलेली प्रत, जागा, तारीख, डाव्या फुग्याचं मोजमाप, सगळं जोडलं. स्वतः जाऊन पेटीत टाकलं आणि येताना शीळ घालत आला.

मामी ताट पुसत होती. तिने ते ताट तीनदा पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "विमान आपलं होतं?"

"सातांपैकी एक!"

"आपलंच विमान, आपलाच पूल. मग चादरी पसरून खूण कोणाला केली?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. एकतीस माणसं, मावशीचे वडील, त्यांना नेमकं कोणी आणि कशासाठी नेलं, सगळं त्याने पट्टीखाली ठेवलं होतं. खुर्ची ओढून तो सावकाश बसला.

"पत्र टाकलंत?" मामीने विचारलं.

"टाकलं."

मावशीला सांगायला मामा आणि मी गेलो. ती एका शर्टाची कॉलर दाबत होती. मामाने सगळं सांगितलं, त्याच्या पद्धतीने: फुगा, नळ्या, काचेची खरखरीत बाजू. मावशीने इस्त्री उभी केली.

"म्हणजे माझ्या बापाने काही केलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही, ताई."

"ते मला माहीत होतं, भाऊ. चादरी वाळत घालायला मीच वर गेले होते त्यांच्याबरोबर. चिमटे माझ्या हातात होते." तिने दाराबाहेर दोन्हीकडे बघितलं. "इतके दिवस विमान शत्रूचं होतं म्हणून लोक माझ्याशी नुसते बोलत नव्हते. आता तुम्ही ते आपलं केलंत. आता काय करतील?"

मामाने टेबलावरच्या शर्टाची बाही सरळ केली.

"पण दगडावर नाव नको," ती म्हणाली. "ते तेवढं नको. कागद फाटतो, माणसं मरतात. दगड कुठे जातो?" आणि तिने पुन्हा इस्त्री उचलली. निघताना म्हणाली, "पत्र मागे घेऊ नका."

मासिक यायच्या चार दिवस आधी नगरपालिकेतून एक कारकून आला. त्याचं खरं नाव आम्ही वापरत नाही, आम्ही त्याला कापूस म्हणतो. इतकं मऊ बोलतो की ऐकायला आपणच पुढे वाकतो.

"नाही नाही, काही नाही. सहज," कापूस म्हणाला. "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं. संग्रहालयाची एक काच आपल्याकडे आहे म्हणे."

मामाने काच दिली. ती द्यायचीच होती. कापसाने ती पिशवीत टाकली, दळणाचा डबा टाकावा तशी. मामा कळवळला.

"आणि एक पत्रही गेलंय म्हणे. चूक कोणाची होत नाही? डोळे थकतात. मी म्हटलं साहेबांना, बत्तीस वर्षं अंधारात काम केलंय माणसाने. एक ओळ लिहा, 'माझी नजरचूक झाली.' बस्स. नाही नाही, आत्ताच नको. चहा होऊ द्या."

"काच खोटं नाही सांगत," मामा म्हणाला.

"काच फुटते मात्र," कापूस म्हणाला आणि गोड हसला. मग भिंतीवर टांगलेल्या माझ्या दप्तराकडे बघितलं. "भाची का? शिकायला असते इथे? छान, छान. लक्ष असतं हो आमचं मुलांकडे."

तो गेल्यावर मी त्याचं "नाही नाही, काही नाही" करून दाखवलं. एरवी मामी माझ्या नकलांना पोट धरून हसते. त्या दिवशी तिने माझा हात धरला. "त्याची नको करूस," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचीही कर."

मासिक आलं. मामाचं पत्र, फोटो, आणि खाली संपादकांची टीप की दोन परदेशी जाणकारांनी ओळख पक्की केली आहे. डाव्या फुग्याचं कासव, सातांपैकी एक. आठवड्यात ते पान गावभर फिरलं. कोणी मोठ्याने वाचलं नाही.

मग छोट्या छोट्या गोष्टी सुरू झाल्या. इस्पितळात मामाला एक्स-रेच्या खोलीतून काढून गोदामात बसवलं, "नजरेची तपासणी होईपर्यंत". दूधवाला आमचं दार सोडून पुढे जाऊ लागला. मास्तर जिन्यात दिसले तर मामाआधी तेच अनोळखी होऊ लागले. समोरच्या कट्ट्यावर सायकल टेकवून एक माणूस बसू लागला. तो कधी काही करायचा नाही. शेंगा खायचा, टरफलं खिशात ठेवायचा. मला त्या टरफलांचीच जास्त भीती वाटायची. कचरासुद्धा मागे न ठेवणारा माणूस.

मावशीच्या दुकानात कपडे येणं बंद झालं. ती रोज उघडायची, आणि करायला काही नाही म्हणून त्याच चार चादरींना पुन्हा पुन्हा इस्त्री करायची. मामीने घरातलं धुतलेलं-न-धुतलेलं सगळं तिच्याकडे न्यायला सुरुवात केली. पायपुसणीसुद्धा.

"पायपुसण्याला कसली घडी?" मावशीने विचारलं.

"सरळ," मामी म्हणाली. "आमच्याकडे उलटंसुलटं फार झालंय."

दोघी हसल्या. समोरच्या माणसाने शेंग फोडायचं थांबवून बघितलं.

दगड तोपर्यंत कोरून झाला होता. पाथरवटाने मामीला बाजारात हळूच सांगितलं की नाव आहे, ठळक आहे, बाकीच्या अक्षरांपेक्षा खोल कोरायला लावलंय. ते ऐकून मावशीने एकच केलं. समारंभाला नेसायची साडी काढली आणि तिला इस्त्री केली.

"तुम्ही येऊ नका, ताई," मामा म्हणाला.

"माझ्या बापाला पहिल्यांदा कोणी बोलावलंय," ती म्हणाली. "मी नको जाऊ?"

समारंभ सकाळी नऊला होता. पुलाच्या तोंडाशी तीनशे माणसं तरी असतील. आम्ही चौघं कडेला उभे राहिलो आणि आमच्याभोवती आपोआप एक रिकामी जागा तयार झाली, सांडलेल्या तेलाभोवती होते तशी. थोड्या वेळाने संग्रहालयवाल्या बाई गर्दीतून निघाल्या आणि ती जागा ओलांडून आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्या काही म्हणाल्या नाहीत.

नगराध्यक्षांनी दोरी ओढली. कापड पडलं.

दगडावर सिमेंट होतं. ताजं, गडद, थापीच्या खुणा दिसणारं. "या दिवशी" दिसत होतं, मग सिमेंटची पट्टी, मग "पुलावर" आणि "एकतीस नागरिकांचा बळी घेतला". त्याखालच्या दोन ओळी तर आख्ख्या बुजवलेल्या. नाव नव्हतं. शत्रूही नव्हता. बळी घेतला हे होतं, कोणी घेतला ते सिमेंटखाली. नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी. कोणी काही वाचलं असं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मावशीने श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

"नाही ठेवलं," ती म्हणाली. "भाऊ, नाही ठेवलं नाव." मामाने मान हलवली. त्याचे डोळे दगडावर नव्हते, गर्दीवर होते. तो एकेक चेहरा बघत होता.

तेवढ्यात कापूस आला. हातात लाकडी पाटी, त्यावर आखलेला कागद. तीनशे माणसांना ओलांडून सरळ आमच्याकडे.

"नाही नाही, काही नाही. उपस्थितांची यादी," तो म्हणाला. "सहज. नाव?"

मावशीने सांगितलं.

"वडिलांचं नाव?"

पन्नास वर्षांत ते नाव तिने चारचौघांत घेतलं नव्हतं. तिने ते घेतलं. आडनावासकट, मोठ्याने, पलीकडच्या रांगेतल्या माना वळतील इतक्या मोठ्याने. कापसाचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"लिहा की," मावशी म्हणाली. "दगडावर कोरताना अडलं नव्हतं तुमचं."

त्याने लिहिलं. मावशी वाकून अक्षर न् अक्षर बघत राहिली. मग पाटी मामाकडे वळली, मग मामीकडे, मग बाईंकडे. सगळ्यांनी सांगितलं.

शेवटी तो माझ्यासमोर थोडा वाकला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "आणि आपली शाळा कुठली, बाळ?"