दुसरा साक्षीदार

पक्षीनिरीक्षक मंडळाच्या नोंदवहीत सरांनी तिच्या नोंदीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. कारखान्यामागच्या तळ्यात, पाणकणसांच्या दाटीत, बगळ्याच्या कुळातला तो क्वचित दिसणारा तपकिरी पक्षी तिने स्वतः पाहिला होता. पण मंडळाचा नियम जुना होता: दुर्मीळ पक्ष्याला दोन साक्षीदार हवेत, आणि ती होती एकटी. सर निवृत्त मुख्याध्यापक. वही तेच सांभाळत. रोजचा ढोकरी बगळाच असेल, उन्हात रंग फसवतो, असे त्यांनी समजुतीच्या स्वरात सुचवले.

ते तिच्या जिव्हारी लागले. बावीस वर्षे ती कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. काचेखालच्या उजेडावरून ठाण सरकत जाई आणि हजार धाग्यांतला चुकलेला एक धागा ती खडूची रेघ मारून अडवी. तिने अडवलेले ठाण पुढे जात नसे. तिने सोडलेले कोणी पुन्हा उलगडत नसे. अशा बाईच्या नजरेवर शंका. घरी दिराने वर मीठ चोळले. “वहिनी, त्या पक्ष्यालाच बोलवा. हजेरीपटावर सही करून जाईल बिचारा.” ती हसली खरी, पण रविवारच्या फेरीसाठी अख्ख्या मंडळाला तिने त्याच तळ्यावर यायला लावले आणि सरांकडून वही मागून घेतली.

आठ जण आले. दुर्बिणी लागल्या त्या थेट पलीकडच्या काठाला, कारण दुर्मीळ म्हटला की पक्षी लांबच असणार, अशी सगळ्यांची पक्की समजूत. दोन तास बदके मोजून झाली. मग कोणाला तरी चहा आठवला आणि एकेक जण बांधावरून काढता पाय घेऊ लागला. उरले फक्त सर, तेही गुडघा चोळत. त्यांना तिची दया आली असावी.

“द्या ती वही,” ते म्हणाले. “करतो सही.”

“तुम्ही पाहिलात का?”

“नाही.”

“मग सही कशाची?”

जन्मभर मुलांना धारेवर धरलेल्या माणसाने पुढे केलेला हात मागे घेतला. पलीकडचा काठ सोडा, असे सांगून तिने त्यांना जवळच्या, जेमतेम वीस पावलांवरच्या कणसांकडे वळवले. पक्षी शोधूच नका, म्हणाली. नुसती वीण बघा, कुठे चुकते ते. वाऱ्याने सगळे रान डुलत होते. मग वारा पडला. काड्या थांबल्या, आणि एक मात्र थांबायला क्षणभर विसरली.

तिने सरांचा खांदा धरून दुर्बीण तिकडे फिरवली. मोडलेल्या कणसाच्या डावीकडे, हातभर अंतरावर. बराच वेळ त्यांना काही दिसेना. दिसले नाही तर नाही म्हणा, पण मला बरे वाटावे म्हणून हो म्हणू नका, असे तिने बजावले, आणि मोडलेल्या कणसापासून एकेक काडी मोजायला लावली. सातव्या काडीवर सरांची दुर्बीण थबकली.

तिने पेनाचे टोपण काढून वही पुढे धरली. सरांनी दुर्बीण न हलवता मोकळ्या हाताने तिला थोपवले.

“थांबा हो,” ते कुजबुजले. “चोच आभाळाकडे, आणि डोळे माझ्याकडे.”

उघडी वही हातात धरून ती थांबली.