डेअरीच्या बाटल्यांचा ओटा

गावातली दूध सोसायटी बंद पडली ती दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. जनावरं चारा छावणीवर गेली आणि दूध यायचंच थांबलं. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथं दुधाची फॅट तपासायचे. कुलूप लावायच्या दिवशी चेअरमन त्यांना म्हणाले, "काय पायजे ते घेऊन जा." अण्णांनी नमुन्याच्या काचेच्या बाटल्या आणल्या, दोन पोती भरून.

"याचं काय करायचं हाय?" आईनं विचारलं.

"तुला ओटा करतो."

आईचे गुडघे गेले होते. चुलीपुढून उठताना ती भिंत धरायची. उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा हवा, असं ती कैक वर्षं म्हणत होती. अण्णांनी तालुक्याला मोझॅकची फरशी घालताना पाहिली होती. दगडाच्या चिपांऐवजी काच घालायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

ते ओल्या गोणपाटात बाटल्या गुंडाळून हातोडीनं फोडायचे. हातोडी गरजेपेक्षा जोरात पडायची. मी शेजारच्या गावच्या अंगणवाडीत शिकवायचे; तिथून घरी आले की काच चाळायला बसायचे. आईनं फुटक्या हिरव्या बांगड्यांचा डबा आणून त्यात ओतला. "तेवढाच रंग," ती म्हणाली. मग अण्णांनी तिला भिंतीशी उभं करून कमरेपाशी खडूनं रेघ मारली. ओट्याची उंची ठरली.

अंगणात फळ्यांचा साचा करून, जाळी अंथरून, पांढऱ्या सिमेंटमध्ये काच कालवून त्यांनी लादी ओतली. खरी अडचण पुढंच होती. लादीला आठ-दहा दिवस पाणी पाजावं लागतं, आणि टँकर यायचा दर चौथ्या दिवशी.

"माणसाला प्यायला न्हाई अन् दगडाला कशापायी पाजता?" आई पहिल्या दिवशी लई चिडली. दुसऱ्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी तिनंच त्यावर टाकलं.

टँकरच्या दिवशी ती रांगेत दोनदा उभी राहिली. दुसऱ्या खेपेआधी मी म्हणाले, "मी आणते, तू बस." पण मला अंगणवाडीला उशीर होत होता आणि मी निघून गेले. तिनं दुसरा हंडा आणला, लादीवरच्या गोणपाटावर ओतला आणि तिथंच खाली बसली. अण्णांनी हाक मारली तेव्हा तिला ओ देता येईना. तोंड वाकडं झालं होतं. जीपमध्ये घालून बीडला नेलं. जीव वाचला, उजवी बाजू गेली.

आम्ही परतलो तोवर लादी उन्हात तडकली होती. कोपऱ्यापासून मधोमध चीर. मला वाटलं, अण्णा ती फोडून टाकतील. त्यांनी चिरेत सिमेंट भरलं आणि पंधरा दिवस दगडानं ती घासत बसले. काच वर आली. पांढऱ्यात हिरवे ठिपके दिसू लागले. लादी बसवल्यावर आईला धरून आत आणलं. तिनं डाव्या हातानं ती चाचपली.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. शब्द जड येत होते. मग रडली.

त्या ओट्यावर अण्णा स्वयंपाक करायला शिकले. आई खाटेवरून सांगायची, ते भाकरी थापायचे. ओटा त्यांना बुटका पडायचा, कंबर धरायची. भाकरी मोडली की ती अर्ध्या तोंडानं हसायची. त्या वर्षात मी तिला एवढंच हसताना पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मी एकदा अण्णांना म्हणाले, "त्या दिवशी मी थांबायला पायजे होतं."

ते भांडी घासत होते. परात उचलत म्हणाले, "म्या तरी कुठं थांबवलं तिला? हंडा घेऊन येताना बघितलं होतं."

 मी त्यांच्या हातातली परात घेतली आणि विसळून ठेवली.