दाजी, चुंबक आणि माझा नायट्रोजन

आमच्या दाजींइतका हुशार आणि त्यांच्याइतका डोकं खाणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीरामपुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे. मी देवळाली प्रवरेत जनावरांचा डॉक्टर. गाई भरवायला वळूचं वीर्य गोठवून ठेवावं लागतं, म्हणून माझ्याकडे द्रव नायट्रोजनचा कॅन असतो, आणि दाजींचा सगळा जीव त्या कॅनात! बरं, पडले घरचे जावई, नाही म्हणायची सोय नाही. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर "साडी राहू दे, ह्यांना थोडा नायट्रोजन दे" म्हणणारी बहीण जगात माझीच असेल.

कुठलीही गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय दाजींना चैन पडत नाही. चहा गार का होतो हे समजावताना ते स्वतःचा आणि समोरच्याचा, दोन्ही चहा गार करतात. एकदा गाय माजावर आली म्हणून एक शेतकरी मला न्यायला आला, तर दाजींनी त्याला दारातच गाठून थंडी म्हणजे नेमकं काय ते सुरू केलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "व्हय सर, समदं पटलं. पर गाय थांबायची न्हाई!"

त्यांचा तो प्रयोग तर विचारूच नका. थर्माकोलच्या वाटीत सुपरकंडक्टर का काय म्हणतात त्याची एक काळी चकती ठेवायची, वर नायट्रोजन ओतायचा. चकती पुरती गारठली, की तिच्यावर सोडलेलं चुंबक अधांतरी तरंगतं. झालं, एवढंच! पण दाजींचं म्हणणं, "आधी कारण, मग चमत्कार. नाहीतर आपल्यात आणि जादूगारात फरक काय?" मग माझ्याकडून नायट्रोजन भरून नेलेला थर्मास उघडा टाकून ते फळ्यावर वीज, अणू, सगळं मांडत बसायचे, तोवर माझा नायट्रोजन हवेत. उरलेल्या घोटभरात चकती कसली गारठते! चुंबक तिच्यावर ढिम्म बसून राहायचं. पोरं नुसत्या वाफेवर टाळ्या वाजवून घरी, आणि दाजी म्हणायचे, "पुढच्या बॅचला दाखवू."

यंदा पुढची बॅच नव्हती. दाजी रिटायर होणार होते. बहिणीचा फोन आला, "अरे, एकाही पोराला तरंगताना दाखवलं नाही म्हणून जेवणावरची वासना उडालीय ह्यांची." म्हणून मी स्वतः कॅन घेऊन वर्गात गेलो. थर्मास भरला. दाजींनी खडू उचलला. "तर मुलांनो, विजेला होणारा रोध म्हणजे—"

माझी सटकलीच. जावयाचा मान, वय, सगळं गेलं खड्ड्यात. भर वर्गात ओरडलो, "दाजी, गप बसा अन् आधी ओता!"

दाजींनी मुकाट्यानं ओतलं. वाटीतली खळखळ थांबल्यावर चिमट्यानं चुंबक सोडलं, आणि ते राहिलं की हो वरच! दाजींनी चिमट्याचं टोक लावलं, तर जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. पोरं बाकांवर चढली. मागची एक मुलगी म्हणाली, "सर, असं का होतं?"

आयुष्यभर दाजींनी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, पण प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी कपाळाला हात लावला. आता तासभर सुटका नाही.

दाजी वाटीवर वाकून तसेच उभे होते. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"सांगतो गं," ते हळूच म्हणाले. "थांब जरा. मला बघू दे."