शिडाची पिशवी

कोणाचीही भरलेली पिशवी दिसली की काका आधी ती करंगळीनं उचलून बघायचे. पिशवी बाजाराची असो, लग्नाच्या आहेराची असो, की साहेबाची चामड्याची बॅग असो. उचलली, जरा हवेत धरली, खाली ठेवली, आणि ठरलेले दोन शब्द बोलले, "अर्धं काढा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या ओझ्यात नाक खुपसणारी. पण आमच्या काकांचं नाक खुपसणं वेगळं होतं, कारण त्यांचं ऐकलं नाही तर पुढच्या दहा किलोमीटरात त्यांचंच खरं ठरायचं.

ही गोष्ट बोईसरची, सत्तर सरून ऐंशी लागलं होतं त्या दिवसांतली. मी तिथल्या एका केमिकल कंपनीत केमिस्ट होतो आणि काका देखभाल खात्यात फिटर. मूळचे दातिवऱ्याचे, समुद्रावरचे. राहायला सालवडला, चाळीतल्या एका खोलीत. त्यांना सगळे काकाच म्हणत, मॅनेजरसुद्धा. ते मात्र कोणाला नावानं हाक मारत नसत. मी केमिस्ट, दुसरा कोणी स्टोअर, तिसरा कोणी वायरमन.

आमची पहिली भेट मी रस्त्यावर पालथा पडलो तेव्हा झाली. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून मी बाजारातून येत होतो. कांदे, बटाटे, वर एक फ्लॉवर. कंपनीच्या गेटसमोर पिशवी हेलकावली, पुढच्या चाकाच्या तारांत शिरली आणि मी हँडलवरून थेट डांबरावर. काका धावत आले. त्यांनी मला उचललं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही काकांना ओळखत नाही. त्यांनी आधी पिशवी उचलली, करंगळीनं. "अर्धं काढा," म्हणाले. मग मला हात दिला. मग म्हणाले, "आनि हँडलला लोंबतं काय बांधायचं नाय. पिशवी हँडलला धरून बसली पायजे, झोका घ्यायला नाय पायजे."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून माझ्या हँडलचं माप घेतलं. का, ते मला कळेना. स्टोअरनं कानात सांगितलं, "नशीब काढलंस. तुला शिडाची पिशवी मिळणार."

ही शिडाची भानगड अशी. काकांचे वडील दातिवऱ्याला शिडं शिवायचे आणि मालाच्या होडीवर जायचेही. हर्णै, जयगड, मालवण ही बंदरं ते घरी सांगत बसायचे, आपण शेजारपाजारच्यांची नावं घेतो तशी. पुढे होड्यांना इंजिनं आली आणि शीड उतरलं ते माळ्यावर गेलं. काही उंदरांनी खाल्लं, काही कुजलं. उरलं त्यातून काका सायकलच्या पिशव्या शिवत. वडिलांची जाड सुई, तळहातावर बांधायचं चामडं, मेण लावलेला दोरा, सगळं त्यांनी जपलं होतं. जो सायकलवर खरंच लांब जातो त्यालाच पिशवी. पैसे देऊ केले तर रागवायचे.

त्या शिडाचा एक तुकडा मात्र त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवला होता. मला एकदा उघडून दाखवला. मधून लाल दोऱ्याची शिवण गेलेली, टाके इतके सारखे की मशीनला लाज वाटावी. "ही बापाच्या हातची," ते म्हणाले. "हा माझा. रिटायर झालो की याची हँडलची पिशवी शिवनार आनि सायकलवर मालवनला जानार. सगली बंदरं करत. बाप सांगायचा, मी एक पन बघितलं नाय. त्याचं शीड तरी परत तिथं गेलं पायजे." मग तुकडा पुन्हा गुंडाळून त्यांनी ट्रंकेत ठेवला. मालवण हा विषय निघाला की हा हसरा माणूस एकदम गंभीर व्हायचा, म्हणून आम्ही त्यावर कधी थट्टा केली नाही. बाकी सगळ्यावर केली.

माझी पिशवी आली ती अशी बसली की हँडल आणि ती एकत्रच जन्मली असावीत. मग मी, स्टोअर आणि वायरमन अशा तिघांनी दिवाळीच्या सुट्टीत मनोर, विक्रमगड करत जव्हार गाठायचं ठरवलं. काकांची पाळी दिवाळीतही होती, पण सामानाची तपासणी त्यांनी स्वतःकडे घेतली. ती तपासणी म्हणजे आमच्या कंपनीतला एक सोहळाच असे.

चाळीसमोर चादर अंथरायची. प्रत्येकानं आपलं सामान तिच्यावर मांडायचं. काका एकेक वस्तू उचलणार आणि विचारणार, "ही कवा लागंल?" सकाळी, चढावर, पंक्चर झाल्यावर, असं नेमकं उत्तर आलं तर वस्तू राहिली. "लागली तर असावी" असं कोणी म्हणालं की वस्तू चादरीबाहेर. त्या वर्षी चादरीबाहेर गेलेल्या वस्तूंत स्टोअरचं गजराचं घड्याळ होतं, वायरमनची इस्त्री होती आणि माझी उशी होती. जव्हारला इस्त्री कशाला, असं विचारल्यावर वायरमन म्हणाला, राजाचं गाव आहे. इस्त्री तरीही बाहेरच राहिली.

मग भरणं. जड वस्तू मागच्या जोडपिशव्यांत, तळाला, चाकाच्या मध्याच्या जितक्या जवळ जातील तितक्या. पुढच्या पिशवीत फक्त खाली न उतरता लागणारं, म्हणजे गूळ-शेंगदाणे, फडकं, रस्ता लिहिलेला कागद. पुढं वजन झालं की हँडल आपलं ऐकत नाही, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मागच्या दोन पिशव्या ते कावडीसारख्या बांबूच्या दोन टोकांना लावायचे आणि बांबू मधोमध बोटावर तोलायचे. एक बाजू खाली गेली की इकडचा पाना तिकडे, तिकडचा टॉवेल इकडे. शेवटी सायकल स्टँडवर उभी करून आपल्याला पायडल मारायला लावायचे आणि स्वतः जमिनीवर उकिडवे बसून बघायचे, टाच पिशवीला लागते का. लागली तर पिशवी बोटभर मागं. याआधी माझ्या टाचांकडे इतकं लक्ष फक्त बूटवाल्यानं दिलं होतं.

आता माझा पराक्रम ऐका. बोईसरच्या खाऱ्या पाण्यानं आमच्या न्हाणीघराची फरशी पिवळी पडली होती. बायको म्हणाली, अख्खी कंपनी अॅसिडची आणि आमची फरशी अशी. तेव्हा कंपनीतले निम्मे लोक घरची फरशी अशीच धूत. तपासणीच्या दोन दिवस आधी मीही पातळ सल्फ्युरिकची बाटली घेतली आणि कुठे ठेवली म्हणता? पुढच्या पिशवीत. बूच जरासं सैल होतं. घरी आल्यावर पिशवीचा तळ ओला दिसला, तो मी ओल्या फडक्यानं पुसला आणि झालं म्हणून सोडून दिलं. सोड्याच्या पाण्यानं धुवायला हवं, हे मला झोपेतून उठवलं तरी मी दुसऱ्या कोणालाही सांगितलं असतं. पाणी उडून गेलं की राहिलेलं अॅसिड कापसाला खात बसतं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट आरपार.

बापाचं शीड, समुद्रानं ज्याला काही केलं नाही, ते मी न्हाणीघराच्या फरशीपायी जाळलं होतं. काकांना सांगायची हिंमत होईना. मी पालघरला जाऊन रेक्झिनची एक बॅग आणली आणि तपासणीला तीच घेऊन गेलो.

काकांनी ती करंगळीनं उचलली. यावेळी "अर्धं काढा" म्हणाले नाहीत. म्हणाले, "आपली कुठं हाय?"

मी म्हणालो, चांगली आहे म्हणून घरी ठेवली, मळेल. ते खुश होऊन हसले. शीड काय कपाटात ठेवायला असतं काय, म्हणाले, आणि चला, घेऊन येऊ म्हणत माझ्याबरोबर निघाले. वाटेत मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. घरी बायकोनं दारातच पिशवी पुढे केली. "हीच ना? मी हात नाही लावला हं. ह्यांच्या अॅसिडनं गेली."

काकांनी भोकात बोट घातलं. पिशवी नाकाशी नेली. मला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत द्यावी म्हणजे सुटलो.

"भोक पडलं त्याचं काय नाय, केमिस्ट," ते म्हणाले. "लपवलात, ते बरं नाय केलंत."

एवढं बोलून, जळकी पिशवी काखेत मारून ते गेले. त्यांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. मला आयुष्यात इतकी लाज क्वचित वाटली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या जागेवर जमलो तर काका आमच्या आधी हजर. माझ्या हँडलची रेक्झिन बॅग त्यांनी सोडली आणि नवी शिडाची पिशवी बसवली. पट्टे ओढून बघितले. डोळे जागरणानं तांबारले होते. "बाटली नाय," एवढंच म्हणाले आणि पाळीवर गेले.

विक्रमगड सोडलं, चढ लागला. मी उतरून सायकल ढकलायला लागलो तेव्हा पहिल्यांदा पिशवीकडे नीट बघितलं. झाकणावर मधोमध लाल दोऱ्याची शिवण होती. एकसारखे टाके. मी तिथंच उभा राहिलो. स्टोअर म्हणाला, दम लागला का. मी हो म्हणालो. जव्हार कसं दिसलं, ते मला आज विचारू नका. मला ती शिवणच आठवते.

परत आल्यावर मी पिशवी घेऊन सालवडला गेलो. हा तुमचा तुकडा आहे, तुमचा मालवणचा, असं सगळं बोललो. डोळ्यांत पाणीही आलं असावं. काका पाना पुसत बसले होते. कापलेलं शीड परत जोडलं जात नाही, म्हणाले, आता ती तुमच्या हँडलच्या मापाची आहे, वापरा. आणि मग मला घसघशीत भाकरी-बोंबील खायला घातले. प्रकरण त्यांच्यापुरतं संपलं. माझ्यापुरतं नाही.

दोन वर्षांनी काका रिटायर झाले आणि बोलल्याप्रमाणे मालवणला निघाले. आम्ही तिघं सालवडला निरोप द्यायला गेलो. मागच्या पिशव्या त्यांनी खताच्या गोण्यांच्या शिवल्या होत्या. खताच्या गोणीला इतकी देखणी शिवण कोणी घातली नसेल, गोणीवरचं कंपनीचं नाव बरोब्बर मध्यावर आणून. पुढं मात्र काहीच नव्हतं. पुढं काय नको, म्हणाले, गूळ खिशात बसतो.

मी खाली वाकलो आणि त्यांची मागची पिशवी करंगळीनं उचलायला गेलो. करंगळीनं हलेना. उघडली तर वर सुके बोंबील, मध्ये सुके बोंबील, तळाला सुके बोंबील. काकींनी प्रत्येक बंदराला द्यायचे म्हणून बांधून दिले होते. मासेमारीच्या बंदरांवर मासे घेऊन निघालेला हा तपासनीस. सगळी चाळ बघत होती.

"काका," मी म्हणालो, "अर्धं काढा."

ते इतके हसले की सायकल धरावी लागली. अर्धे बोंबील निघाले आणि आम्हा तिघांत वाटले गेले. तेवढ्या गडबडीत मी माझ्या हँडलची पिशवी सोडून त्यांच्या हँडलला बांधली. ते नको म्हणायला लागले. मी म्हणालो, तुम्हाला नाही देत, शिडाला धाडतोय. त्यांनी झाकणावरच्या शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मग पायडल मारलं.

महिन्याभरानं दारात उभे. काळे ठिक्कर, गाल बसलेले, दात तेवढे पांढरे. पिशवी माझ्या हातात दिली. कापडावर मिठाच्या पांढऱ्या रेघाच रेघा. "हर्नैला भिजवली," ते म्हणाले. "जयगडला भिजवली. मालवनला दोनदा. धुऊ नका." आणि बायकोकडे वळून, वहिनी, तुमीपन नाय, असं बजावून चहा प्यायला बसले. त्या दिवशी दोन कप घेतले.

मग ते दातिवऱ्याला राहायला गेले. मी जमेल तसा सायकलवर जायचो. ते पुढची पिशवी उचलायचे, वाटाणे-फुटाणे काढून खायचे आणि आता बरोबर झाली म्हणायचे. पाच-सहा वर्षांपूर्वी गेलो तेव्हा काकी एकट्याच ओटीवर होत्या. काका पंधरा दिवसांपूर्वी गेले होते, झोपेत, कोणाला त्रास न देता. निरोप पाठवायला माझं खरं नाव घरात कोणाला ठाऊक नव्हतं. केमिस्ट म्हणून किती शोधणार, काकी म्हणाल्या.

पिशवी आता आमच्या दाराजवळच्या खुंटीवर असते. मी ती धुतली नाही. हवा दमट झाली की तिच्यातलं मीठ पाणी ओढतं आणि कापड ओलसर होतं. बायको म्हणते, आली वाटतं मालवणहून. मी ती खुंटीवरून करंगळीनं उचलून बघतो. रिकामी असूनही जरा जड लागते. आत काहीच नसतं, त्यामुळे अर्धं काढायची सोय नाही.