उकंडरावाचं गंगावन

नाटकाचे कपडे आणि केसांचे टोप देणाऱ्या मलकापुरातल्या त्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं, तेव्हाच उकंडरावाच्या मनात पाल चुकचुकली. दुकानदाराने आधी त्याच्या चिखलाने भरलेल्या जोड्यांकडे पाहिलं, मग पागोट्याकडे, आणि विचारलं, बायकी टोप कोणाला पाहिजे? गणपतीत गावात नाटक बसवतोय, असं उकंडरावाने ठोकून दिलं. गाव कोणतं, मंडळी कोणती, बाईचं काम कोण करणार, असं दुकानदार एकेक विचारत गेला आणि हा थापेवर थाप रचत गेला. अखेर त्या भल्या माणसाने कपाटातून एक टोप काढला, मुठीवर चढवून दाखवला आणि सांगितलं की काम करणाऱ्यालाच पाठवा, डोक्याचं माप घ्यावं लागतं. ओळखीशिवाय तो टोप भाड्याने देत नव्हता. विकत घ्यावा तर तेवढ्या पैशांत दुभती शेळी दारात बांधता आली असती. उकंडरावाने टोपाला हातसुद्धा लावला नाही. मोटारीत बसेपर्यंत आपल्या मागे कोणीतरी येतंय असंच त्याला वाटत होतं.

हा माणूस बायकी केसांच्या मागे का लागला होता ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्हीही चष्म्यावरून पाहायला लागाल.

उकंडराव मोताळ्याजवळच्या एका खेड्यातला माळी. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मळ्यात वांगी, मिरची, मेथी. अंगाने सडपातळ. बाप वारला तेव्हा मिशी काढली ती त्याने परत ठेवलीच नाही. आईची आधीची पोरं जगली नव्हती, म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणला, नाव उकंडा ठेवलं, आणि नजर लागू नये म्हणून जावळ निघेपर्यंत परकर-पोलकं घालून, वेण्या घालून वाढवला. पोरगी समजून यम पुढच्या घरी जाईल असा त्या माउलीचा हिशेब. यम गेला पुढे. जावळ निघालं, परकर सुटला, पण ओढ काही सुटली नाही. ती परकरामुळे लागली की जन्मतःच होती, हे उकंडरावाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

बाजाराच्या दिवशी बायको सत्यभामा माळव्याची पाटी घेऊन मोताळ्याला जाई. तेवढ्यात हा दाराला कडी घाली आणि तिचं जुनं लुगडं नेसे. वावगं काही करत नसे. चूल सारवी, भाकरी टाकी, घटकाभर आरशापुढे बसे. आठवडाभर घातलेला दुसऱ्याचा सदरा काढून ठेवल्यासारखं त्याला तेव्हा मोकळं वाटे. त्या घटकेत तो सुखी असे, आणि एरवी फारसा नसे. अडत होतं फक्त डोक्यापाशी. पदर घेतला तरी मागे अंबाडा नाही. आरशात बाई दिसता दिसता मध्येच माळी दिसे.

पागोट्याखाली त्याने मागचे केस वाढू दिले होते. "मागचे राहू दे" म्हटल्यावर इंद्रभान न्हाव्याने वस्तरा थांबवला आणि नवस कोणता, असं विचारलं. उकंडरावाने नुसती मान हलवली. दुसऱ्याच दिवशी पाराजवळ बसलेला जो तो त्याला नवस विचारू लागला. तेव्हापासून इंद्रभान येताना दिसला की हा मळ्याची वाट धरी.

वाढलेल्या केसांना नुसतं गंगावन जोडलं, वरून पदर घेतला, तर टोपाची गरज नाही, हे मलकापुराहून परतताना त्याच्या ध्यानात आलं. विरळ केसांच्या बाया अंबाड्यात गुंफतात तो केसांचा झुबका म्हणजे गंगावन. मोताळ्याच्या बाजारात सुया, पोत, फण्या विकणारी केसरबाई ती गंगावनं करी. घरोघरच्या बाया विंचरताना गळलेले केस चिंधीत साठवत, तिला देत आणि बदल्यात सुया घेत. बियाणं आणायचं निमित्त काढून उकंडराव एका बाजारी तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. बायकोसाठी पाहिजे, म्हणाला.

केसरबाईने हातातलं काम खाली ठेवलं. पुरुषमाणूस गंगावन घ्यायला येतो हे तिच्या पचनी पडेना. बायको जिवंत आहे ना, हे तिने आधी विचारून घेतलं, कारण मेलीचे केस आणून दुसरीसाठी गंगावन करून मागणारे पुरुष तिने पाहिले होते. मग म्हणाली, नमुना आण. ज्या डोक्याला लावायचं त्या डोक्याचे केस पाहिल्याशिवाय ती गंगावन देत नसे. आणि घरचेच केस भरपूर आणलेस तर फक्त मजुरी घेईन, असंही तिने सांगितलं.

मजुरी परवडण्यासारखी होती. उकंडरावाने घरी येऊन कोनाड्यातली सत्यभामेची केसांची चिंधी उचलली आणि पुढच्या खेपेला सगळीच्या सगळी केसरबाईच्या ओंजळीत टाकली. त्यापुढच्या बाजारी गंगावन हातात पडलं. काळंभोर, मऊ, खोबरेल लावलेलं. ते त्याने खताच्या पोत्यात लपवून घरी आणलं, आणि पहिल्यांदा अंबाडा बांधून आरशात पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केसरबाई तिकडे संग्रामपूरच्या बाजारांना निघून गेली. चला, निभावलं, असं त्याला वाटलं.

बाईमाणूस गळालेल्या केसाला किती जपतं हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. केसरबाई विश्वासाची, पण दुसऱ्या कोणाच्या हाती केस लागला तर त्यावर करणी करता येते, हे त्या मुलखातल्या पोरीबाळींनाही ठाऊक. लुगडं नेसायला शिकला, पण एवढं शिकायचं राहून गेलं. सत्यभामेने एक दिवस कोनाड्यात हात घातला आणि चिंधी नाही. तशात तिला हिवताप भरला. झालं. आपले केस कोणीतरी नेले आणि आपल्यावर करणी केली, ह्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

नेले कोणी, तर ज्या बाईचा घरात पाय असतो तिने. तशी एकच होती. सोजराबाई, उकंडरावाच्या चुलतभावाची विधवा. शेजारीच राही, एक म्हैस पाळून दूध विके आणि सकाळी विस्तव न्यायला ह्यांच्या चुलीपाशी येई. सत्यभामेचा तिच्यावर आधीपासूनच राग होता. बाजारातून यावं तर चूल सारवलेली, भाकऱ्या झाकून ठेवलेल्या. नवरा म्हणे, मीच केलं. असं कोणता नवरा करतो? आपल्यामागे सोजराबाई घरात येते, हे सत्यभामेने मनाशी पक्कं धरलं होतं.

माणिकराव भगताने सुपातले दाणे पाहून सांगितलं की येणारी-जाणारी बाई आहे. एवढं सांगायला दाणे कशाला लागतात कोण जाणे, पण गावाला तेवढं पुरलं. सोजराबाईचं दूध कोणी घेईना. ती विहिरीवर आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. पोरांना घरात ओढलं जाई. शेवटी सरपंच भगवंतरावांनी ठरवलं की सोमवारी महादेवाच्या देवळात सोजराबाईने बेलभंडार उचलून शपथ घ्यावी. पण लोक आदल्या दिवसापासूनच म्हणू लागले की चेटकिणीला शपथेचं काय भय? म्हणजे शपथ घेतली तरी ती सुटणार नव्हतीच. तिला गाव सोडावं लागणार होतं.

उकंडराव हे सगळं पाहत होता. दोन शब्द बोलला असता तर त्या बाईवरचं बालंट टळलं असतं, आणि तेच दोन शब्द तो रोज उद्यावर ढकलत होता. प्रत्येक माणूस आपल्याकडेच पाहतोय असं त्याला वाटे, आणि खरं म्हणजे त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. रविवारी दुपारी तो बायकोच्या खाटेपाशी बसला आणि अर्धंमुर्धं बोलला. केस मी नेले, म्हणाला. केसरबाईकडून त्याचं गंगावन करून घेतलं, तुझ्यासाठी.

सत्यभामा उठून बसली. तिचे स्वतःचे केस असे की अंबाडा मुठीत मावत नसे.

"मले गंगावन?" ती म्हणाली. "कोनासाठी करून आनलं ते सांगा."

उकंडराव डोक्यावरचं पागोटं सारखं करू लागला. तेवढ्यावरून सत्यभामेचा हिशेब चटकन जुळला. मागच्या वर्षी मुदतीच्या तापात सोजराबाईचे केस मूठमूठ गळाले होते. सारवलेली चूल, झाकलेल्या भाकऱ्या, आणि आता गंगावन. नवऱ्याने आपल्या डोक्याचे केस नेऊन तिच्या डोक्याला लावले. करणीचं तिने तिथेच सोडून दिलं. अंगात ताप असताना ती दारात गेली आणि सोजराबाईला हाक मारून घरात घेतलं, कडी लावली, आणि जे बोलू नये ते सगळं बोलली. उद्या देवळात हेही सांगते, म्हणाली.

सोजराबाईने ते उभ्याने ऐकून घेतलं. मग ती उकंडरावाकडे वळली.

"भाऊजी, गावानं मले चेटकीन म्हटलं, ते मी आयकून घेतलं. हे नाही आयकनार. खरं काय ते आत्ताच्या आत्ता सांगा, नाही तं उद्या देवळात न जाता मी हिरीत जीव देईन."

उकंडरावाने तिच्याकडे पाहिलं. ती धमकी देत नव्हती, हे त्याला कळलं. तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो लुगडं नेसून, अंबाडा बांधून, पदर घेऊन. निऱ्या वाकड्या आल्या होत्या. "हे असं हाय," एवढंच तो म्हणाला. "गंगावन माह्यासाठी आनलं. वयनीचा काही दोष नाही. चूलही मीच सारवतो."

सोजराबाईने झटकन तोंड फिरवून पदर पुढे ओढला, परक्या पुरुषाला उघडं पाहिल्यासारखा. सत्यभामा मात्र पाहत राहिली. आपलं जुनं लुगडं तिने ओळखलं. आपले केस ओळखले. इतकी वर्षं आपण कोणावर संशय घेत होतो तेही तिला कळलं असावं, कारण सोजराबाईच्या दिशेने तिला पाहवेना. रडली नाही, ओरडली नाही. तिने एकच विचारलं.

"अजून कोनी पाह्यलं?"

"कोनी नाही."

सोमवारी देऊळ माणसांनी भरलं. गाभाऱ्यापुढे तबकात बेल आणि भंडारा ठेवला होता. भगवंतरावांनी सोजराबाईला पुढे यायला सांगितलं. ती उठायच्या आधी सत्यभामा उठली. तिच्या डोळ्यांत अजून ताप होता. तिने सरळ जाऊन बेलभंडार स्वतःच्या हातात घेतला आणि पिंडीकडे तोंड करून सांगितलं की केस कोणीच नेले नाहीत, मीच केसरबाईला सुयांवर दिले आणि तापात विसरले. खोटं असेल तर महादेवाने मला पाहून घ्यावं. मग तिने सगळ्यांदेखत सोजराबाईच्या पायावर डोकं ठेवलं. माणिकराव भगत काहीतरी पुटपुटत निघून गेला. बेलभंडारापुढे बोलायला कोणाला जागाच नव्हती. बायकांनी सत्यभामेला नावं ठेवली, आणि विहिरीवर सोजराबाईला वाट दिली.

शपथ खोटी आहे हे सोजराबाईला ठाऊक होतं. तिने पाय मागे घेतले, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्याच दिवशी तिने काड्याची पेटी विकत घेतली आणि ह्यांच्या चुलीपाशी ती पुन्हा कधी आली नाही.

सत्यभामा देवाला भिणारी बाई. सोमवार न मोडणारी, देवळापुढून जाताना वहाण काढणारी. बेलभंडारावर खोटं बोलणारा वर्षाच्या आत उलथतो हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं आणि ती ते खरं मानत होती. घरी येताच उकंडराव तिच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला हाताने अडवलं.

"दार लावून काय नेसाचं ते नेसा," ती म्हणाली. "मी आडवी येनार नाही. पन माह्या खोट्या शपथेवर नेसून राह्यले, एवढं ध्यानात ठेवा."

ताप उतरला. पुढच्या बाजारी ती पाटी घेऊन मोताळ्याला गेली. उकंडरावाने कडी घातली, लुगडं नेसलं, गंगावन बांधलं आणि आरशापुढे बसला. आता आरशात बाई नीट दिसत होती. पण त्याचे कान रस्त्याकडे लागले होते. वाटेत तिला साप चावेल, मोटार धक्का देईल, ताप उलटेल, असं एकेक त्याच्या मनात येत होतं, आणि ती धडधाकट परत आल्याची चाहूल लागेपर्यंत त्याने आरशात पुन्हा पाहिलं नाही.