खळीची पाकिटं आणि एक नोटीस

"खिचडी पाकिटात भरून घरी पाठवताहेत. आणि त्याचा फोटो ग्रुपवर कोणी टाकला? तुम्हीच."

साहेबांनी मोबाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावला. फोटो माझाच होता, आदल्या दिवशी मोठ्या हौसेने टाकलेला. अंगणवाडीत आसनपट्टीवर ओळीने बसलेली मुलं. प्रत्येकासमोर एक पारदर्शक पाकीट. पाकिटात पिवळं घट्ट काहीतरी आणि त्यात डाळीचे दाणे. मागे फळ्यावर खडूने लिहिलेलं, आजचा आहार : खिचडी.

"सर, ही खिचडी नाही. हा रंग आहे."

"रंगात डाळ असते का, मॅडम?"

असते. पण ते कसं, हे साहेबांना ऐकायचं नव्हतं. तुम्हाला सांगते.

मी बुलढाणा जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पर्यवेक्षिका म्हणजे पंचवीस-तीस अंगणवाड्या फिरून बघणारी बाई. गावात सेविका, तालुक्याला प्रकल्प अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, आणि मध्ये आम्ही, दोन्हीकडची बोलणी खायला. तालुक्याचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. त्या गावात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि हे पाणी या गोष्टीत महत्त्वाचं आहे.

आमच्या अभ्यासक्रमात बोटांनी रंगवायला सांगितलेलं असतं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देण्याआधी त्याची बोटं तयार व्हावी लागतात. दाबणं, ओढणं, चिमटीत धरणं, जाड-पातळ, गार-खरखरीत कळणं, हे सगळं बोटांतून शिकलं जातं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात बावीस मुलांचे चव्वेचाळीस हात धुवायचे तर दोन-तीन बादल्या पाणी लागतं, आणि अंगणवाडीत असतो एक माठ. शिवाय रंगलेले कपडे घेऊन आया भांडायला येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी रंगांचे डबे कपाटात राहायचे. वंदनाताईंच्या अंगणवाडीत तसं झालं नाही.

वंदनाताई तिथल्या सेविका. चौदा वर्षांची नोकरी, आवाज बारीक, काम खणखणीत. त्यांच्याकडे आरुष नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. ओलं, चिकट काही हाताला लागलं की तो किंचाळायचा. चिखल, भात, साबण, काहीही. जेवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायचा आणि आजी घास भरवायची. गावात कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे लाडावला. अशा काही मुलांना स्पर्शाचाच त्रास होतो, एवढं मला ट्रेनिंगमुळे माहीत होतं. उपाय मला माहीत नव्हता. तो वंदनाताईंनी काढला.

त्यांनी कणकेची खळ शिजवली. पूर्वी भिंतीवर कागद चिकटवायला करायचो, तीच. एका वाटीत हळद घातली, एकीत बीटाचा रस, एकीत कपड्यांची नीळ. चिखलीच्या बाजारातून मसाला पॅक करायच्या जाड पारदर्शक पिशव्या आणल्या. एका पिशवीत दोन चमचे खळ, वरून थोडी मोहरी किंवा डाळ, बोटांना काहीतरी टोचावं, सरकावं म्हणून. मग हवा काढायची, पिशवीची कड करवतीच्या पात्याला लावायची आणि मेणबत्तीची ज्योत कडेवरून फिरवायची. प्लास्टिक वितळून चिकटतं. किराणा दुकानदार पुड्या अशाच बंद करतात. ती पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत. शेवटी वंदनाताई स्वतः प्रत्येक पाकिटावर बसून बघायच्या. बाईच्या वजनाने फुटलं नाही म्हणजे लेकराच्या बोटाने फुटणार नाही.

मुलं वरून बोट फिरवायची, आतला रंग बाजूला सरकायचा आणि रेघ उमटायची. तळहात दाबला की पंजा उमटायचा. पिवळं आणि निळं एका पिशवीत घातलेलं असलं की दाबता दाबता हिरवं व्हायचं, आणि ते बघायला सगळी ओळ उठून एकाच मुलाच्या अंगावर पडायची. पाणी लागत नाही, कपडे खराब होत नाहीत, हात कोरडे.

आरुषने पहिले दोन दिवस पाकिटाकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी एक बोट लावलं आणि लगेच बोटाकडे बघितलं. कोरडं होतं. पुन्हा लावलं. महिन्याभराने तो दोन्ही तळहातांनी पाकीट मळत होता. पुढे एक दिवस, कोणी काही न सांगता, त्याने ताटातला खिचडीचा गोळा स्वतःच्या हाताने उचलून तोंडात घातला. वंदनाताईंनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. मी दुसऱ्याच दिवशी गेले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली ओळ लिहिली नाही. एवढी चूक माझी.

तर आता साहेबांसमोर परत येऊ.

अंगणवाडीतला शिजवलेला आहार मुलांनी तिथेच बसून खायचा असतो. पाकिटात भरून घरी देणं म्हणजे गंभीर गोष्ट. मुलं न येताच हजेरी लागते, असा त्याचा अर्थ घेतात. नियम बरोबर आहे. माझं नियमाशी भांडण नव्हतं. साहेब नवे आले होते आणि त्यांचं सगळं काम फोटोवर चालायचं. फोटो नाही तर काम नाही. फोटो आहे तर गावाला जायची गरज नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि उंटही खुर्चीवरून न उठणारा.

मी खळ, हळद, मोहरी, सगळं सांगितलं. साहेब सही करत होते.

"हे त्यांनी उत्तरात लिहावं," ते म्हणाले. "नोटीस तयार आहे. तुम्ही जातच आहात तर तुमच्या हातानेच द्या."

"सर, अर्धा तास काढा. गाडीने चला. डोळ्यांनी बघा."

"मॅडम, प्रत्येक फोटोमागे मी गावाला गेलो तर ऑफिस कोण बघणार?"

नोटीस म्हणजे 'कारणे दाखवा'. तीन दिवसांत खुलासा करा, अन्यथा आपणास सेवेतून का कमी करू नये. चौदा वर्षं एका बाजूला आणि हे एक पान दुसऱ्या बाजूला. ते पान पर्समध्ये घालून मी एसटीत बसले तेव्हा मला साहेबांचा राग येत होता, आणि 'देत नाही' असं म्हणाले नाही म्हणून स्वतःचाही.

वंदनाताईंनी उभ्याने नोटीस वाचली. दोनदा वाचली.

"मॅडम, मले काऊन? म्या काय केलं?"

मी सांगितलं.

"खिचडी?" त्या खाली बसल्या. "चौदा वर्षांत लेकराईच्या तोंडचा घास म्या घरी नेला नाही. माह्या घरची कणीक आणली, माह्या घरची डाळ आणली. हे गावात कळलं तं लोक काय म्हनतीन? नोकरी गेली तं गेली, पन खिचडीची चोरटी म्हनून जाईन का मी?"

नोकरीपेक्षा त्यांना तो शब्द जास्त लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तर पाकिटं दिसेनात. वंदनाताईंनी भीतीने सगळी लोखंडी पेटीत बंद करून ठेवली होती. पेटीसमोर आरुष मांडी घालून बसला होता आणि झाकणावर हळूहळू थापट्या मारत होता. किंचाळत नव्हता. नुसता वाट बघत होता. दारात त्याची आजी उभी.

"बाई, कालपासून पोरगं घरी गोधडीवर बोटं फिरवून राह्यलं," आजी मला म्हणाली. "रंग कुठी गेला म्हनते. कोनं बंद केलं हे?"

"ऑफिसनं," मी म्हणाले.

"काऊन? त्याईच्या घरचं पीठ लागत होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नाही. मी वंदनाताईंना म्हटलं, पेटी उघडा, मुलांना पाकिटं द्या. जे होईल ते माझ्या नावावर. आणि दोन पाकिटं उद्यासाठी बाजूला काढा.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी साहेबांपुढे. वंदनाताईंनी दोन पानांचा खुलासा दिला आणि दोन पाकिटं टेबलावर ठेवली. साहेबांनी खुलासा वाचला नाही. पाकिटांना हात लावला नाही.

"हे आज बनवून आणलं असेल. फोटोतली पाकिटं हीच, कशावरून?"

"सर, एकदा दाबून बघा," वंदनाताई अगदी हळू म्हणाल्या.

"मला खेळायला वेळ नाही."

तेवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. माझी बत्तीस वर्षांची नोकरी झाली होती, मी साहेबांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. त्यांच्या पेनस्टँडमधली कात्री घेतली, पिवळं पाकीट उचललं आणि साहेबांच्या टेबलावरच कापलं. आठ दिवसांपूर्वीची खळ. शिळी, आंबलेली. काचेवर पसरली, फाईलच्या कडेला लागली, आणि तो आंबूस वास खोलीभर झाला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"ही खिचडी असेल तर कोणत्या मुलाने खाल्ली ते सांगा," मी म्हणाले. "आणि आज बनवली असेल तर एवढी आंबली कशी, तेही सांगा."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "बरं, बरं. नस्तीबद्ध करा." नस्तीबद्ध म्हणजे फाईल बांधून ठेवा.

वंदनाताई पदराने टेबल पुसायला वाकल्या. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. ते पुसतील."

कोणाच्या अंगावर थेंब उडू नये म्हणून ती बाई प्रत्येक पाकिटावर स्वतः बसून बघायची. आणि तो रंग शेवटी सांडला तो मी, ऑफिसात. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. तीन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला, आवाजात साखर.

"मॅडम, जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये आपण तो उपक्रम दाखवला. फार आवडला. आता सगळ्या सेविकांचं प्रशिक्षण घ्यायचं. तुम्ही घ्या."

मी ऑफिसात जाऊन त्या प्रेझेंटेशनची छापील प्रत पाहिली. फोटो माझाच, तोच. आरुष हसतोय. वर लिहिलेलं : 'पसारा नाही, पाणी नाही : बालकांसाठी स्पर्शरंग'. खाली संकल्पना म्हणून साहेबांचं नाव. मार्गदर्शन, पुन्हा साहेबांचंच. वंदनाताईंचं नाव कुठेच नाही. मागचा खिचडीचा फळा मात्र कापून टाकला होता. म्हणजे तेवढं कळत होतं.

"प्रशिक्षण मी घेणार नाही," मी म्हणाले. "ज्यांनी बनवलं त्या घेतील. आणि त्याआधी त्यांची नोटीस रद्द झाल्याचं पत्र द्या."

"अहो, ते प्रकरण संपलं ना."

"तोंडी संपलं. फाईलमध्ये नोटीस आहे आणि ती रद्द झाल्याचा कागद नाही. उद्या तुमची बदली होईल. नवे साहेब फाईल उघडतील आणि त्यांना फक्त खिचडी दिसेल."

साहेबांनी क्लार्कला हाक मारली. जिल्ह्याला प्रशिक्षणाची तारीख कळवून झाली होती, त्यामुळे त्यांना दुसरा रस्ता नव्हता. क्लार्कने पत्र टाईप करून आणलं. मी वाचलं. 'सदर सेविकेस समज देऊन नोटीस रद्द करण्यात येत आहे.'

"समज कशाची?" मी विचारलं.

"ती भाषा असते, मॅडम. दोन शब्दांनी काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर काढा."

पत्र पुन्हा टाईप झालं. संकल्पनेपुढचं नावही मी बदलायला लावलं, तिथे वंदनाताईंचं आलं, ते मात्र पेनाने खोडून, कुरकुरत.

प्रशिक्षणाच्या दिवशी वंदनाताईंनी दीडशे बायकांना खळ शिजवून दाखवली. सुरुवातीला आवाज निघत नव्हता. पात्यावरून मेणबत्ती फिरवायला लागल्या तेव्हा हात थांबला नाही आणि मग आवाजही आला. साहेब प्रतिमेला हार घालून गेले, थांबले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी वंदनाताईंच्या हातात ते पत्र ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मागची कोरी बाजूही बघितली.

"मॅडम, ऑफिसचं चुकलं असं याच्यात कुठीच लिहेल नाही."

"नाही."

"मंग हे कशाले जपू?"

"पुढच्या साहेबांसाठी."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. नव्या सेविका कधी भेटल्या तर मी त्यांना एवढंच सांगते : चांगलं काम केलं तर फोटोखाली ओळ लिहा, आणि वर तुमचं नाव. 'प्रकरण संपलं' असं कोणी म्हणालं तर कागद मागा, आणि वाचल्याशिवाय घेऊ नका. माफी मिळेल म्हणून थांबू नका. वंदनाताई अजून थांबल्या आहेत.