गाठ गेली तर घाबरू नका

"सुई नको मॅडम, थेट कापून काढा. सुई लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात."

खडकीच्या क्वार्टर्समधून हे गृहस्थ मुलीला घेऊन कर्वेनगरच्या माझ्या लॅबमध्ये आले होते. मी पॅथॉलॉजिस्ट. काचेवर पेशी ओळखणं हा माझा धंदा. त्यांची शीतल नुकतीच कॉल सेंटरला लागलेली, पगार बोलण्याचाच. गळ्यातली गाठ गिळताना वरखाली व्हायची, म्हणजे थायरॉइडची. आवाजाची नस तिथेच शेजारी, म्हणून ऑपरेशनला हात घालण्याआधी एफएनए करायची. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढायच्या, बस.

"अहो, पसरत नाही. आणि कापताना आवाजाची नस दुखावली तर? आधी काय आहे ते तर कळू दे."

"बाबा, करू दे त्यांना," शीतल म्हणाली.

"आता बोलायचं नाही, गिळायचं नाही."

दुपार होती. खिडकीतून झाडाची सावली भिंतीवर हलत होती. सुई आत गेली आणि सिरिंजमध्ये चहाच्या रंगाचं पाणी चढू लागलं. माझ्या बोटांखाली गाठ मऊ झाली, बसली, नाहीशी झाली. इतकी वर्षं करतेय, तरी त्या क्षणी मला स्वप्नात असल्यासारखंच वाटतं.

वडिलांनी तिचा गळा चाचपला, गाठ हाताला लागेना.

"फुटली. आत पसरली ना?"

मला राग आला आणि त्यांची दयाही आली. "पाणी होतं, काढलं. खात्री काचेवर होईल."

स्लाइड रंगवली, मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्या निळ्या-जांभळ्या जगात गेले की मला लॅबचा विसर पडतो. थायरॉइडच्या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या शेजारी-शेजारी बसलेल्या. आजूबाजूला साफसफाई करणाऱ्या फुगीर पेशी. बिघडलेली एकही दिसेना. सगळी काच पुन्हा फिरून आले.

"या, तुम्हीच बघा."

ते बराच वेळ वाकून होते. "आत इतकं शांत असतं?"

"हिच्या गळ्यात तरी आहे. कॅन्सर दिसत नाही. ऑपरेशन सध्या नको. पाणी परत भरू शकतं, तेव्हा तीन महिन्यांनी दाखवा."

ते चष्मा पुसत राहिले.

"बाबा, चला ना, माझी कॅब येईल," शीतल म्हणाली.

"परत बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

तेव्हापासून सुई हातात घेण्याआधी मी नातेवाइकांना बजावते: गाठ गेली तर घाबरायचं नाही.